अकरावं पुस्तक

नाव: गल्लीत सगळे मला थोरली म्हणतात, तेच लिहा. वय: सत्तरीपुढे, नक्की आकडा सांगणारं कोणी उरलेलं नाही. धंदा: गाद्या-उशांच्या खोळी शिवणे. राहणार: वाचनालयामागच्या गल्लीत, वरचा मजला.

साहेबांनी समोर बसवून विचारलं, म्हणून सांगते की, वाचनालयातली अकरा पुस्तकं माझ्या नातीने नाही, मी नेली. तिला सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसवलं आहे. उद्या तिचा दवाखान्यातल्या नोकरीचा पहिला दिवस आहे. नावावर गुन्हा लागला तर तिथे तिला उभं करणार नाहीत.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास वाचनालयाच्या मागच्या दाराशी पुस्तकांचे ढीग होते. टाकून दिलेत असं समजून मी अकरा पुस्तकं खोळींच्या पिशवीत भरली. ती बाइंडिंगला जायची होती, हे नंतर कळलं.

साहेबांनी विचारलं, "आजी, अक्षर येत नाही, मग सगळी एकाच जातीची कशी निवडली?" अहो, वांगं निवडायला त्याचं नाव वाचावं लागतं का? मला जग बुडाल्यावरच्या गोष्टी लागतात, पण इथल्या, जमिनीवरच्या. चित्रात अग्निबाण दिसला की पुस्तक परत ढिगात. इथलं निस्तरेना, तिकडे जाऊन काय दिवे लावणार? पडका पूल, रस्त्यात वाढलेलं गवत, पाठमोरं एकटं माणूस, असं असलं की पिशवीत.

घरात तिघींच्या दोघी झाल्यापासून नात मला रोज संध्याकाळी वाचून दाखवते. त्या गोष्टींत सगळं संपतं, आणि पान उलटलं की कोणीतरी चूल पेटवतं.

बुधवारी पहिल्याच पुस्तकात, निम्म्यावर, वाचनालयाचा शिक्का निघाला. नातीने तिथेच वाचन थांबवलं. आज सकाळी ती सगळी पुस्तकं परत करायला गेली आणि पिशवीसकट दारात सापडली.

ग्रंथपाल इथेच बसले आहेत. ते म्हणाले, "नातीसाठी म्हातारी खोटं बोलते." पुस्तकं परत भरताना नात ज्यावर हसली होती, ते तळाचं अकरावं पुस्तक मी हवालदारांना काढायला सांगितलं. वरच्या चित्रात मोडकं घर, उडालेलं छप्पर, शिडीवर एकटा माणूस. त्यांनी नाव वाचलं: 'छपराची गळती: घरच्या घरी दुरुस्ती.' मी म्हटलं, वाचता येणारी पोरगी हे कशाला उचलेल? साहेब हसले. ग्रंथपालही हसले, पण उशिरा. तक्रार मागे घेतो म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, पहिलं पुस्तक आता रीतसर नातीच्या नावावर द्या. त्यातली बाई दोन दिवस पुलाच्या मध्यावर उभी आहे.

हवालदारांनी हे सगळं मला वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलं आहे. नात मात्र यांच्यापेक्षा चांगलं वाचते. अंगठा माझा आहे.