दिवेलागणीचा पुरावा

—नाही गंधार, मी ते स्वतः पाहिलेलं नाही, हे आधीच स्पष्ट करते. दिवेलागणीला समई लावली की माझी आई पुढच्या दाराकडे बघते आणि विचारते, "चिमा आली का गो कॉलेजातून?" — असं येसूबाई सांगते, तिला सांभाळणारी. चिमा म्हणजे मी. अठ्ठावन्न वर्षांची, संख्याशास्त्र शिकवणारी चिमा. आणि मी समोर जाऊन उभी राहिले की आई पदर सावरून म्हणते, "बसा हो, चहा घेऊन जा." म्हणजे मी नसताना ती मला ओळखते, असताना नाही. असलं निरीक्षण तू पेपरात लिहिलं असतंस तर मी गुण कापले असते — कापलेही होते, हसू नकोस.

तर तुझ्या दुकानातून लेन्स न्यायची की फ्लॅश, प्रश्न एवढाच आहे. रविवारी माझा भाऊ भास्कर ठाण्याहून गाडी घेऊन येतोय. पनवेलजवळच्या एका वृद्धाश्रमात त्याने खोली धरून ठेवली आहे. त्याचं म्हणणं, जिला कोणीच ओळखू येत नाही तिला पावसचं घर काय नि पनवेलची खोली काय. मी म्हटलं, तिचा आवाज रेकॉर्ड करून पाठवते. म्हणाला, "ताई, शब्द सवयीने येतात, शुभंकरोतीसुद्धा ती म्हणतेच. ओळख डोळ्यांत दिसते. डोळे दाखव, मी खोली सोडतो." युक्तिवाद म्हणून त्यात खोट काढता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. मोबाईल? मोबाईलने काढून पाहिला. समईच्या उजेडात चेहऱ्याच्या जागी नुसती रवाळ सावली येते. आणि ट्यूबलाइट लावली की आईची संध्याकाळच संपते — रात्र झाली समजून ती थेट जेवायला मागते, दाराकडे बघतच नाही.

म्हणून ही पन्नासची लेन्स. तू म्हणतोस, वन पॉइंट एटला, म्हणजे लेन्सचा झरोका पूर्ण उघडला की, समईचा उजेड पुरेल — पुरेल, पण मग एकच डोळा स्पष्ट येईल, दुसरा विरघळेल, आणि आईची मान तर सारखी हलते, म्हणजे तोही एक डोळा निसटणार. बरोबर ना? मान डोलावू नकोस, उत्तर दे. राहू दे, मला माहीत आहे. हलणारी मान फ्लॅशच थोपवू शकतो. छताकडे वळवून? आमचं छत कौलारू, धुराने काळं झालेलं, तिथून उजेड परत येत नाही. नाही, अंदाजाने बोलत नाही मी. करून पाहिलंय.

मे महिन्यात. फ्लॅश कॉलेजातून मागून आणला होता. मी माजघराच्या दाराआड उभी राहिले — मी दिसले की ती मला पाहुणी करते म्हणून. येसूबाईने समई लावली, आईने दाराकडे पाहिलं, तोंड उघडणार, आणि मी बटण दाबलं. तिने विचारायच्या आधीच दाबलं. इतकी घाई मी आयुष्यात कधी केली नव्हती. दारापुढच्या खळ्यात, अंगणात, आमसुलं वाळत घातलेली होती. तिला वाटलं वीज चमकली. सात महिन्यांत आधाराशिवाय न उठलेली बाई उठली नि आमसुलं आत घ्यायला खळ्याकडे धावली. चिऱ्याच्या पायरीवरून खाली गेली. मनगट मोडलं.

भास्करला मी सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला.

हो, मीच सांगितलं. आणि म्हणून तो म्हणतो, घर सुरक्षित नाही, एकटी येसूबाई कुठे कुठे पुरणार. पनवेलची खोली त्याने त्यानंतर धरली. मी नाव घेतलं न्हाणीघराचं, तर त्याने तिथे भिंतीला बसवायला आधाराचे दांडे पाठवून दिले. अजून पडवीत पडलेत तसेच, गुंडाळलेले. आता खरं सांगितलं तर म्हणेल, तुझ्याच हाती आई सुरक्षित नाही. दोन्हीकडून निष्कर्ष एकच निघतो, गंधार. मी उलटसुलट करून पाहिलं.

हे बघ — कॅमेऱ्यातच आहेत. ही पहिली फ्रेम. लख्ख. डोळे दाराकडे, पण त्यांत विजेची भीतीच आहे, हे कोणीही सांगेल. आता पुढची. फ्लॅश पुन्हा भरायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात ही निघाली, फ्लॅशशिवाय. म्हणजे माझं बोट बटणावरच होतं. ती उठत होती नि मी — हात पुढे करायचा सोडून — असो. यात ती काहीतरी ओरडते आहे. येसूबाई स्वयंपाकघरात होती, तिने ऐकलं नाही. मी ऐकलं, पण पहिल्या अक्षराचा नुसता तुकडा, मग पडल्याचा आवाज. "चमकली" म्हणत होती किंवा "चिमे".

मोठं करून बघ. अजून. "चि" म्हणताना ओठ ताणले जातात, "च" म्हणताना सैल राहतात. तुझ्या संगणकावर हे स्पष्ट करता येतं का? जे आलंच नाही ते काढता येत नाही — हो, ते मीच शिकवलं होतं तुम्हाला.

लेन्सचं नि फ्लॅशचं, दोन्ही खोकी उचलून ठेव. तुझं गिऱ्हाईक खोळंबलंय, त्याला बघ आधी. ओठ हललेले आहेत. ताणलेले म्हटलं तर ताणलेले दिसतात, सैल म्हटलं तर सैल.