उस्तादांचे आटे

मी मूळचा पेठ वडगावकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. महाराजांच्या कृपेनं बोर्डिंगात राहून थोडं इंग्रजी शिकलो आणि कोल्हापुरात लोखंडी कामाच्या एका कारखान्यात लागलो. तिथं लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर, मकबूल उस्ताद होते. काय सांगू तुम्हाला, तो माणूस बोल्टाला आटे नुसत्या हातानं पाडायचा. लोखंड फिरतंय, हातात दातेरी पोलादी फणी, ती टेकवायची आणि एका चालीनं बाजूला सरकवत न्यायची, चाल जरा चुकली की आटा वाकडा. फणीसुद्धा त्यांनीच घासून केलेली, त्यामुळं त्यांच्या बोल्टाला त्यांचाच नट लागायचा, दुसरा लागायचा न्हाई.

मग विलायतेहून नवं लेथ आलं. त्याला अंगचाच एक लांब स्क्रू आणि कडेला दातेरी चाकं, चाकं बदलली की हत्यार पाहिजे त्या चालीनं आपोआप सरकतंय. पुस्तक वाचून ते मीच जोडलं. कारखान्याच्या साहेबांनी विचारलं, आता म्हाताऱ्याचं काय काम, आणि मी, उस्ताद शेजारी उभे असताना, बोलून गेलो की त्यांचे आटे कुठल्याच मापात बसत नाहीत. खोटं नव्हतं ते. पण त्या शनिवारी उस्ताद फडक्यात फण्या गुंडाळून कायमचे घरी गेले, माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

पुढल्या हंगामात पन्हाळ्याच्या पायथ्याचा एकजण उसाच्या चरकाचा मोडका स्क्रू घेऊन आला. पावणं, ऊस तोडून पडलाय, वाळाय लागलाय, लवकर करून द्या की, म्हणाला. स्क्रू उस्तादांचा, आणि नट चरकातच पक्का बसवलेला, तोही त्यांच्याच हातचा. मी होती नव्हती ती चाकं लावून बघितली, एकही चाल जुळेना.

शेवटी उस्तादांच्या दारात गेलो. ते खाटेवर पडून होते, छातीचं दुखणं. चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाणी दिलं, ते हातात तसंच राहिलं. म्हटलं, उस्ताद, चुकलो. ते म्हणाले, मापात बसत न्हाईत ते खरंच हाय की, पण मला आधी सांगायचंस, साहेबाला मागनं. मग फणी माझ्या हातात दिली, मनगट धरलं आणि खाटेच्या काठावरनं माझा हात सरकवत नेला, एकदा, दहादा, किती वेळ कोण जाणे. बघू नगंस, म्हणायचे, डोळं लई घाई करत्यात. त्यांचा हात तापानं गरम होता आणि जरासुद्धा कापत नव्हता.

कारखान्यात परत येऊन फणी धरली, दोन तुकडे वाया गेले, तिसरा साधला, चरकात बसला. सांगायला गेलो तर उस्तादांनी एवढंच विचारलं, अडकला कुठं? म्हटलं, न्हाई. व्हय, म्हणाले, आणि माझा हात हातात घेऊन पडून राहिले. आठ दिवसांनी वारले. फण्या चाचींनी माझ्याकडं पाठवल्या.

आता मी नव्या लेथवरच असतो. माझे आटे सगळे सारखे, कुणाचाही नट कुठंही लागतो, लोकांची सोय झाली, हे चांगलंच झालं. पण उस्तादांच्या हातचं एखादं जुनं काम आलं की साहेब म्हणतात परत पाठव, आणि मी ते सुट्टीची घंटा झाल्यावर फणीनं करतो. त्यांच्या स्क्रूंचे चरक अजून गावोगाव फिरतायत. एकेक झिजेल, त्याच्या जागी नवा येईल, मग ही फणी कशालाच लागायची नाही. ते व्हायचंच. देवानं ते जरा सावकाश करावं, एवढंच मागणं आहे.