नोनीदांनी बांधलेली पट्टी

अहो, मस्करीत मी कुणाला सोडलं नाही, पण हे सांगताना आजही कान गरम होतात. नोनीदा म्हणजे कलकत्त्याजवळ बजबजच्या आमच्या ज्यूटमिलच्या फुटबॉल टीमचे मोठे कोच. त्या वर्षी मिलच्या साहेबानं त्यांना नव्या कोचच्या हाताखाली, पोरांच्या पट्ट्या बांधायला टाकलं. आम्ही तेव्हा अनवाणी खेळायचो, घोट्याला पट्टी बांधून. फायनलच्या दिवशी मी माझा दुखरा पाय सगळ्यांदेखत त्यांच्यापुढे केला.

"काय नोनीदा, आता हेच काम ना तुमचं? बांधा!"

पोरं खिदळली. म्हातारा खाली बसला, पाय मांडीवर घेऊन पट्टी बांधू लागला. तेवढ्यात नवा कोच आला.

"याचा घोटा गेलाय. आज याला बाहेर बसवा."

नोनीदांनी मानही वर केली नाही. "खेळू दे त्याला. पट्टी मी बांधलीय."

आता त्यांच्या मांडीवरून पाय कसा काढून घेऊ, तेच मला कळेना.