झाकणाच्या आतली सही

विश्वंभर : एक-दोन मिनिटांची गोष्ट असती तर मी आलोच नसतो, शारदाताई. हे घड्याळ दिवसाला बावीस मिनिटं चुकतंय! काल आरतीला देवळात पोचलो, तर पुजारी अजून आंघोळीला गेलेला.

शारदा : पुढे पळतंय की मागे पडतंय?

विश्वंभर : पुढे. छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो मी. घड्याळ पुढे गेलेलं मला खपत नाही. आणि गेल्याच महिन्यात तुम्ही ते सगळं खोलून, धुऊन, तेल घालून दिलंत.

जयंत : ऐकलंत ना, वहिनी? मी काही बोललो नाही हं. ग्राहकच बोलतोय.

शारदा : ऐकलं, भाऊजी. तुम्ही चहा घ्या.

जयंत : चाय बाद में. आधी फैसला.

विश्वंभर : कसला फैसला? आणि आपण कोण?

शारदा : हे माझे धाकटे दीर, जयंतराव. कचेरीतून सुट्टी टाकून आलेत. आज कुणाला तरी ही जागा दाखवायचा त्यांचा मुहूर्त आहे.

जयंत : चिडू नका ना. बात ये है काका, दिवाळीला सगळ्या घरासमोर वहिनींनी शब्द दिलाय. माझ्या हातचं एक जरी घड्याळ बिघडून परत आलं, तर त्याच दिवशी दुकानाची किल्ली तुमच्या हातात. हे यांचेच शब्द. मोठ गावचा एक माणूस कधीपासून थांबलाय, मोबाइलची कव्हरं, चार्जर विकतो. दतिया गेटवर अशी मोक्याची जागा, आणि आत काय, तर दिवसभरात दोन घड्याळं!

विश्वंभर : अरे देवा. शारदाताई, मला हे ठाऊक नव्हतं हो. द्या ते घड्याळ इकडे. बावीस मिनिटं म्हणजे काही फार नाही. मी रोज मागे करून घेईन.

शारदा : ठेवा ते टेबलावर, गार्डसाहेब. कीव करून खोटं बोलू नका. तुम्हाला जमतही नाही.

विश्वंभर : पण तुमचं दुकान...

शारदा : शब्द मी दिलाय, मीच निस्तरेन. माझ्या हातून चूक झाली असेल तर किल्ली आत्ता देते, ती बघा खिळ्याला टांगलीय. पण चूक झालीय की नाही, हे मी बघणार. दिवाळीला फराळाचं ताट पुढ्यात घेऊन बसलेली माणसं नाही बघणार.

जयंत : देखो वहिनी, मी तुमचा दुश्मन नाही. एकसष्ट वय झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते भिंग डोळ्याला लावून दिवसभर वाकून बसता, रात को मान धरून झोपता. कुणासाठी? दादा असता तर गोष्ट वेगळी होती. त्याच्या हातात जादू होती. त्याच्या हातचं एक घड्याळ कधी परत आलं नाही. बोला, आलं का?

शारदा : नाही आलं.

जयंत : बस्स. हात सबका एक जैसा नहीं होता.

शारदा : खरंय. जरा उजेडातून बाजूला व्हा. झाकण उघडते. ...हं. बघा, मला वाटलंच. ही केसाएवढी बारीक स्प्रिंग दिसते का? श्वास घेतल्यासारखी उघडते, मिटते. हिचे वेढे मोकळे हवेत. इथं दोन वेढे एकमेकांना चिकटलेत. म्हणून बिचारं धापा टाकत पळतंय.

जयंत : मतलब तेल जास्त झालं. चुकलंच ना?

शारदा : तेल या स्प्रिंगला कुणी घालत नाही, भाऊजी. घड्याळजीच्या घरात वाढलात तुम्ही.

जयंत : मी कुठे कधी दुकानात बसलो?

शारदा : तेच म्हणतेय. गार्डसाहेब, त्या खणात एक होकायंत्र आहे. द्या बरं.

विश्वंभर : हे? सुई तर बरोबर उत्तरेला आहे.

शारदा : आता हे दुसरं घड्याळ बघा. टहरौली गावच्या मास्तरांचं आहे, तुमच्यासारखंच जुनं, स्विस, चावीचं. जवळ नेते. काय झालं?

विश्वंभर : सुई जरा चुळबुळली. बाकी काही नाही.

शारदा : आता तुमचं नेते.

विश्वंभर : अरे बापरे! ही तर पार घड्याळाकडेच वळली!

शारदा : तुमच्या घड्याळात चुंबक भरलंय. लोहचुंबकाजवळ राहिलं की असं होतं. इथून गेलं तेव्हा नव्हतं. मी प्रत्येक घड्याळ या सुईसमोर धरल्याशिवाय देत नाही. खरं सांगा, घरी कुठे ठेवता?

विश्वंभर : मनगटावर. कुठे ठेवणार? लग्नात सासऱ्यांनी दिलेलं आहे. एक्कावन्न वर्षं झाली, माझ्या हातावर पट्ट्याखालची कातडी अजून गोरी आहे.

शारदा : आंघोळीला जाताना?

विश्वंभर : तेव्हा काढतो. आंघोळ, मग पूजा. तास-दीड तास.

शारदा : आणि तेव्हा कुठे असतं?

विश्वंभर : देवघरात त्या डब्यावर. भजनाच्या. नातीनं, ईशानं, दत्तजयंतीला दिलाय. फोनवरून भजनं लागतात त्याच्यात. त्याच्यावरच ठेवतो, म्हणजे पूजा झाल्यावर शोधायला नको.

शारदा : स्पीकर आहे तो, गार्डसाहेब. त्याच्या पोटात हा एवढा मोठा चुंबक असतो. रोज दीड तास घड्याळाला त्याच्या डोक्यावर बसवताय.

विश्वंभर : म्हणजे... मीच?

शारदा : तुम्हीच. भजनं ऐका, घड्याळ तांब्याच्या ताटलीत ठेवा.

जयंत : वाह! नाचता येईना, अंगण वाकडं. काकांचा स्पीकर वाईट, काकांची पूजा वाईट. आमची वहिनी मात्र बरोबर.

शारदा : हातच्या कांकणाला आरसा कशाला? हा निळा डबा बघा. चुंबक उतरवायचं यंत्र आहे. घड्याळ असं वर धरायचं, बटण दाबायचं, आणि हात सावकाश, अगदी सावकाश लांब न्यायचा. ...झालं. आता धरा होकायंत्र.

विश्वंभर : सुई जागची हलेना!

शारदा : दिवसाला बावीस मिनिटं म्हणजे तासाला पंचावन्न सेकंद. दुखणं गेलं नसेल तर तासाभरात मिनिटभर पुढे गेलेलं दिसेल. गार्डसाहेब, फोनमधल्या सेकंदावर मिळवा. माझा हात लावत नाही मी. तुम्हीच मिळवा, काचेच्या झाकणाखाली ठेवा, आणि दोघंही बसा समोर.

जयंत : एक तास? वहिनी, मोठवाला चार वाजता येणार आहे.

शारदा : येऊ दे. त्याला स्टूल आहे.

विश्वंभर : तीन वाजून दहा मिनिटं, शून्य सेकंद. मिळवलं.

जयंत : ठीक है. बसतो. आणा इकडे ते घड्याळाचं झाकण, निदान दादाची सही तरी बघतो. तो प्रत्येक घड्याळाच्या झाकणात आतून सुईनं सही कोरायचा. मला लहानपणी दाखवलं होतं.

शारदा : सगळेच घड्याळजी कोरतात. पुढच्याला कळावं, आधी कुणी उघडलं होतं आणि केव्हा. भिंग लावा, नुसत्या डोळ्यांना नाही दिसायचं.

जयंत : अरे हां. केवढं बारीक! मि, अठ्ठ्याण्णव. मि, चार. मि, अकरा. मि, सोळा. बघा काका, याला म्हणतात कारीगरी. आमचा मिलिंददादा. मि, बावीस. मि, पंचवीस...

विश्वंभर : काय झालं, जयंतराव?

जयंत : वहिनी.

शारदा : बोला.

जयंत : दादा एकोणीसमध्ये गेला.

शारदा : हो.

जयंत : मग बावीसमध्ये ‘मि’ कुणी लिहिलं?

शारदा : ज्यांनी सोळात लिहिलं, त्यांनीच. ज्यांनी अकरात लिहिलं, त्यांनीच. नीट बघा ना, भिंग आहे हातात. चारचा ‘मि’ तिरका आहे, तो तुमच्या दादांचा. अकरापासून पुढचे सरळ. ते माझे.

जयंत : अकरापासून? कैसे? दादा तर रोज इथं बसायचा!

शारदा : बसायचे. गल्ल्यावर. ग्राहकांशी बोलायचे, चहा मागवायचे. त्यांचे हात दहा सालीच थरथरायला लागले होते, भाऊजी. कंपवात. चहाचा कप तुमच्यासमोर कधी उचलायचे नाहीत, आठवतं? तुम्ही म्हणायचात, दादा थंडच चहा पितो. तुम्ही उठून गेल्यावर मी पाजायची. आणि इथं तेव्हा पडदा होता, त्याच्यामागे बसून घड्याळं मी करायची. लग्नानंतर त्यांनीच शिकवलं होतं, दुपारी फावल्या वेळी. पुढे तेच कामाला आलं.

जयंत : आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही?

शारदा : त्यांना लाज वाटायची. म्हणायचे, घड्याळजीचा हात हलतो म्हटलं की संपलं. मी म्हटलं, नका सांगू. ते गेल्यावर मी पडदा काढला, टेबलाशी येऊन बसले, तर लोक म्हणू लागले, मिलिंदभैया की बात और थी. तोच हात, तेच टेबल, आणि बात और! मग मीही सही बदलली नाही. कोरू द्या म्हटलं ‘मि’. घाबरले होते मी. आज सांगते स्पष्ट, घाबरले होते.

विश्वंभर : मला ठाऊक होतं.

शारदा : काय?

विश्वंभर : अकरा सालीच. घड्याळ घ्यायला आलो होतो, पंख्याच्या वाऱ्यानं पडदा उडाला. आत तुम्ही, डोळ्याला भिंग, आणि चिमट्यात माझ्या घड्याळाचं चक्र. गार्डाचं काम मागच्या डब्यातून सगळी गाडी बघायचं. बघितलं, आणि गप्प बसलो. म्हटलं, मिलिंदरावांची अब्रू आहे.

शारदा : आणि माझी?

विश्वंभर : तुमची? म्हणजे...

शारदा : नाही, सांगा ना. माझी कुठल्या डब्यात होती, गार्डसाहेब? चौदा वर्षं तुम्ही माझ्या हातचं घड्याळ बांधून फिरलात आणि याच टेबलापाशी उभं राहून म्हणालात, मिलिंदरावांचा हात लागला की बरं वाटायचं. मी सुट्टे पैसे काढून देत होते तेव्हा.

विश्वंभर : चुकलं माझं, ताई. बोलायला हवं होतं.

शारदा : हवं होतं. बसा आता. तास व्हायचाय.

(तिघं तासभर घड्याळासमोर बसली. जयंतचा चहा समोर थंड झाला. एकदा त्यानं तो कप उचलला, कपाकडे बघितलं आणि तसाच खाली ठेवला. शारदानं मास्तरांचं घड्याळ पुसून पुरं केलं.)

विश्वंभर : चार वाजून दहा. फोनचा सेकंद शून्यावर येतोय. जयंतराव, तुम्ही घड्याळाकडे बघा, मी फोनकडे. आता!

जयंत : दोन सेकंद.

विश्वंभर : पुढे की मागे?

जयंत : पुढे. नुसते दोन.

विश्वंभर : झालं तर! माझ्या सगळ्या नोकरीत अशी गाडी मला चार वेळा मिळाली नसेल. जयंतराव, घड्याळ बिघडून आलं नव्हतं. मी बिघडवून आणलं होतं. हे मी कुठेही लिहून देईन.

शारदा : लिहून नको. नुसतं लोकांना सांगा. मोठ्यानं सांगा.

जयंत : वहिनी, फोन वाजतोय. मोठवाला आहे. गेटपाशी पोचला असेल, दुकान विचारत असेल.

शारदा : मग सांगा ना.

जयंत : काय सांगू?

शारदा : दुकान चालू आहे म्हणावं. चावीचं घड्याळ असेल तर घेऊन ये. आणि भाऊजी, दिवाळीचा शब्द आज फिटला. पुन्हा घरात कुणी शब्द मागायचा नाही. उद्या माझ्या हातून खरंच चूक झाली, तर मी ती दुरुस्त करेन, जशा तुमच्या दादांनी, घड्याळ दुकानाबाहेर जायच्या आधी, कितीतरी केल्या. एका चुकीवर त्यांचं दुकान कुणी मागितलं नव्हतं.

जयंत : नाही मागणार. हॅलो? हां भैया, मैं ही बोल रहा हूँ. नहीं, आप लौट जाइए. जगह खाली नहीं है. नहीं, आगे भी नहीं होगी. यहाँ भाभी बैठती हैं. ...ठेवला.

शारदा : द्या ते झाकण. बंद करायचंय.

जयंत : वहिनी, ते ‘मि’... आता खोडणार?

शारदा : कशाला खोडू? मीच लिहिलेत ना, माझ्या नवऱ्यासाठी. राहू देत. पाटीवरही त्यांचंच नाव राहील. पण आज उघडलंय, तर आजची सही पडायला हवी. ती सुई द्या. ...हं. वाचा, गार्डसाहेब. घ्या भिंग.

विश्वंभर : शा. सव्वीस.

शारदा : नीट उमटलंय?

विश्वंभर : सरळ. अगदी सरळ.

शारदा : चला, बांधा हाताला. आता पाच वर्षांनी आणा, तेलपाण्याला.

विश्वंभर : पाच वर्षांनी? पंचाहत्तरी झाली माझी, ताई. मी असेन-नसेन.

शारदा : मग ईशा आणेल. मी इथंच असेन.