गिटारवाला गेला, आणि ह्यांनी दार लावलं

—नाही नाही, तोडायचं नाही. तोडायचंच असतं तर शेजारच्यांना हाक मारली असती, तुम्हाला कशाला बोलावलं असतं? नुसतं या आतल्या खोलीचं लॅच उघडून द्या, चावीवाले भाऊ. चावी आत राहिलीय. म्हणजे— आमचे हेही आतच आहेत. झोपलेत. हो, दुपारचे झोपतात. हाका मारल्या ना! घसा बसला माझा. तुम्ही तुमचं काम करा हो.

जरा हळू— आवाज नको. नाहीतर होऊ दे, जागे तरी होतील. काय सांगू, कालपासून डोकं फिरलंय. ह्यांच्या त्या लाडक्या बँडमधला गिटारवाला गेला. शेवटचा तोच उरला होता. कुठला कोण म्हातारा, तोंडात कवळी, आणि जेवण बंद आमच्या घरात! हसता? हसा. मीही हसले.

ड्रमवाला गेला तेव्हा ह्यांचे कॉलेजातले चार मित्र जमले होते इथे— काळे टी-शर्ट घालून, पोटावरून खाली येईनात, एकाचा तर काखेत टरकन फाटला— रात्रभर रेकॉर्डी, रात्रभर गप्पा, चहा करून करून माझा जीव गेला. गाणारा गेला तेव्हा दोघंच आले. काल कोणी नाही. एक अंथरुणाला खिळलाय, एक मुलीकडे राहायला गेलाय, आणि बाकीचे दोघे— जाऊ दे. तरी ह्यांनी टी-शर्ट घातलाच. गॅलरीत जाऊन उभे राहिले. कोणी येणार नाही हे मला कळत होतं, ह्यांना कळत नव्हतं का?

मग एकटेच आत बसले, आणि धाडधाड तीच रेकॉर्ड. आज सकाळी पुन्हा तीच! बाजू संपली की उलटी करायची, परत सुरू. शेवटी दार बडवलं मी. म्हटलं, सख्खा भाऊ गेला तेव्हा टिपूस काढलं नाहीत, आणि या परक्याचं एवढं? एक सूर जरी आता माझ्या कानावर आला ना, तर माझं तोंड बघायचं नाही! एवढंच म्हटलं. एवढंच. आणि बंद झालं हो, लगेच. तेव्हापासून हूं नाही की चूं नाही.

झोपले असतील, दुसरं काय! गोळी घेतात ना झोपेची. रोज नाही, अधूनमधून. पाकीट या कपाटात असतं. मघाशी बघितलं— नाहीये. मी काही तसं म्हणत नाही हं! माझ्याकडे काय बघता? हात चालवा! नाही, पाणी नको मला, बरी आहे मी. काल विचारत होते, ‘आता आपल्या वेळचं कोण उरलं गं?’ आणि मी म्हटलं, ‘तुमची गुडघेदुखी!’ मी आहे ना, असं म्हणायचं होतं हो. अगदी जिभेवर होतं.

उघडलं? थांबा! ढकलू नका. सरका— नको, तुम्हीच बघा आधी. नको, नको. मीच बघते.

अगं बाई.

बसलेत. खिडकीकडे तोंड करून. कानांवर ते मोठे हेडफोन चढवलेत— मला ऐकू जाऊ नये म्हणून. रेकॉर्ड फिरतेय. पाठ हलतेय बघा, ताल धरलाय वाटतं— नाही. नाही हो, रडतायत. इतक्या वर्षांत मी कधी... आणि तुम्ही काय बघत उभे राहिलात? माणसाने रडूसुद्धा नये का आपल्या घरात? उचला ती पिशवी. तुमचे पैसे उद्या घेऊन जा. जा म्हणते ना! दार ओढून घ्या जाताना.