पट्टीखालचा आकडा

— न्हाई, आधी ती डायरी पिशवीत घाला, मग बोलू. पेन बी. माझ्या दारात कागद-पेन घेऊन बसलेल्या मानसाशी मी बोलत न्हाई, पंचवीस वर्षं झाली, न्हाई म्हंजे न्हाई. बसा की, खुर्ची हाय. पन तुम्ही मृण्मयीचे वडील हायत हे कशावरून मानू मी? तुम्ही म्हनता म्हनून? मागच्या महिन्यात असाच एक जन आला, कडक इस्त्री, तोंडावर हसू, 'मी पोरीचा मामा' म्हनला — आनि निघाला दुसऱ्या क्लासचा मानूस, हुशार पोरी फोडायला फिरत होता. लातुरात असं हाय साहेब. वरच्या तीन खोल्यांत सहा पोरी ठेवते मी, सहाच्या सहा डॉक्टर व्हायला आलेल्या, आनि त्यांच्यापायी दारावर कोन कोन येईल त्याचा नेम न्हाई. तवा रागवू नका. सांगा बरं, तिला कोनती भाजी आवडत न्हाई? … शेपू? अहो, शेपू तर ती मागून घेती! बरं, जाऊ द्या. चष्म्याची काडी कोनत्या रंगाची हाय तिच्या? … कोनाच्या म्हंजे? तिच्याच. दोन महिने झाले चष्मा लागून. तुम्हाला म्हाईतच न्हाई?

मग कसं धरू मी बाप? … काय दाखवता? पुन्हा ती डायरीच. आना इकडं, चष्मा माझा बी घालू द्या. हे काय — रविवार, एक्केचाळीस. रविवार, बावन्न. रविवार, एकशे सहा. दर रविवारच्या परीक्षेत पोरगी कितवी आली ते. जूनपासून एक रविवार सुटला न्हाई. अक्षर चांगलं हाय. मास्तर हायत ना तुम्ही, किनवटला? ती म्हनली होती. बरं — हायत तुम्ही बाप. एवढं मन लावून दुसरं कोन लिहीन.

पन तुम्ही आपसूक आले न्हाईत, कोनीतरी कान भरले म्हनून आले. समोरची नीलाबाई ना? मेसवाली? 'सिंधुबाई पोरीला मोबाईलवर खेळ खेळू देती' — असंच सांगितलं असंल. वर मीठ-मिरची बी लावली असंल. खरं हाय, देते खेळू. मी बी शेजारी बसते. बुद्धिबळाची कोडी असतात त्या मोबाईलात — पट मांडलेला येतो, एक खेळी शोधायची, वर घड्याळ पळत राहतं, तीन मिनिटं, बरोबर आलं की दुसरं, चुकलं की तुमचा आकडा खाली. मला बी आधी शक आला होता, खोटं कशाला बोलू. पोरगी क्लासवरून यायची, ह्याच ओट्यावर बसायची, अंगठा असा भराभर, आनि डोळे लाल. मी म्हनलं हा जुगार हाय, न्हाईतर पोरगा हाय कोनीतरी. एक दिवस मागून जाऊन पाह्यलं. पाह्यलं तर घोडा. घोडा आनि दोन हत्ती, आनि ती भलतंच प्यादं दाबून राहिली होती. माझ्या तोंडातून गेलं, 'अगं घोडा उचल, शह बी बसतो आनि वजीर बी मिळतो.' अशी वळून बघितली माझ्याकडं! 'मावशी, तुम्हाला येतं?'

येतं. कामून येऊ ने? … शाळा? सातवी. शाळेत न्हाई शिकले. किल्लारीत शिकले, पत्र्याच्या शेडात. भूकंपानंतर. … तुम्ही तवा लहान असाल, किनवटला भांडी वाजली असतील बस. आमच्या घरातली तीन मानसं गेली. मालक, सासूबाई आनि — तीन. त्याच्यानंतर रोज एक साहेब यायचा वही घेऊन. 'घरात किती होते, किती गेले, किती राहिले.' मी सांगायची तीन, तो लिहायचा तीन. दोन दिवसांनी दुसरा, पुन्हा किती. कोनी इचारायचं न्हाई की ते कोन होते. नुसतं किती. तवापासून वही दिसली की माझं डोकं फिरतं, तुमचा वैयक्तिक काही गुन्हा न्हाई मास्तर.

शेजारच्या शेडात गुरुपादप्पा होते. शाळेत खेळाचे मास्तर होते ते, त्यांचं तर मागं-पुढं कोनीच राहिलं न्हाई. ढिगाऱ्यातून त्यांचा बुद्धिबळाचा डबा तेवढा निघाला होता, त्यातला एक उंट हरवलेला — पत्र्याचा बोल्ट ठेवायचे त्याच्या जागी. मी दिवसभर दाराशी बसून राह्यची, जेवत न्हाई, बोलत न्हाई. एक दिवस त्यांनी माझ्यासमोर पट मांडला. राजा कोपऱ्यात, त्याच्यापुढं त्याचीच तीन प्यादी उभी, आनि आपला हत्ती मोकळा. म्हनले, 'हा हत्ती असा सरळ चालतो, प्यादं असं. पोरी, एका मिनिटात सांग काय करशील.' आनि मनगटातलं घड्याळ काढून पुढं ठेवलं. मला राग आला. असल्या येळेला खेळ! पन बघितलं, आनि मला एकच दिसलं — ह्या राजाला बाहेर यायला जागाच न्हाई. त्याच्याच मानसांनी वाट अडवलीय. मी हत्ती सरळ शेवटच्या घरात नेऊन ठेवला. ते म्हनले, 'मात.'

मग रोज. रोज एक-दोन, मग पाच. येत नसलं की मी म्हनायची, 'ते घड्याळ उचला आधी, त्यानं काही सुचत न्हाई.' ते म्हनायचे, 'घड्याळ तू जिंकावं म्हनून न्हाई ठेवलं. त्या एका मिनिटात दुसरं काही डोक्यात येऊ ने म्हनून ठेवलं.' खरं होतं मास्तर. दिवसाची ती पाच मिनिटं तेवढी मला कोनी दिसायचं न्हाई. मालक न्हाई, सासूबाई न्हाई, माझी — माझी लेक न्हाई. दोन वर्षांची होती. … हां. तिसरी ती. जाऊ द्या. चहा घ्या, निवून राहिलाय.

काय सांगत होते? तुमची मृण्मयी. तर मी तिचं बघत बसायची आनि माझ्या ध्यानात आलं की ही पट बघतच न्हाई. ही वरचा आकडा बघती. चौदाशे बारा, चुकली की चौदाशे चार, की लगीच दुसरं दाबती भरून काढायला, ते बी चुकतं. जसं तुमच्या क्लासचं — हां हां, तुमचा म्हंजे तुम्ही निवडलेला क्लास — भिंतीवर यादी लागती रविवारच्या परीक्षेची, ती बघून पोरी येतात, चेहऱ्यावरून सांगते मी कोन कितवी. मी तिला म्हनलं, हात मांडीवर ठेव. उत्तर शेवटपर्यंत दिसल्याबिगर बोट लावायचं न्हाई. आधी बघ समोरच्याचं कोन उघडं हाय, शह कुठून बसतो, मग बोट. घड्याळ पळू दे. तीन मिनिटांत दोनच झाले तर दोनच. आनि चुकलेलं कोडं वहीत काढून ठेव, चार दिवसांनी पुन्हा मांड. ऐकायची, मान हलवायची, आनि डोळे पुन्हा त्या आकड्यावर. आठ दिवस चाललं असं. मग तो रविवार आला.

… कोनता म्हंजे, तुमच्या डायरीत असंल की. तीनशे अठरा. हां, तोच. दुपारी यादी बघून आली, ओट्यावर बसली, मोबाईल काढला. मी आत भाकरी थापत होते. बाहेर आले तर मोबाईल पान्याच्या टाकीवर आनि चपला जागच्या जागी. पोरगी न्हाई. वर न्हाई, गल्लीत न्हाई. हाका मारत सुटले मी मास्तर. भूकंपाच्या रातीसारखी. अशीच पिठाच्या हातानं निघाले, रिक्षा केली, क्लासपाशी बघितलं, रेल्वे फाटकावर बघितलं — कामून तिथं बघितलं ते इचारू नका. सापडली बस-स्टँडवर. अनवानी. नांदेडच्या फलाटावर बाकड्यावर बसलेली. म्हनलं, घरी निघालीस का? जा की मग. तर म्हनली, 'तीन गाड्या गेल्या मावशी. चढावंसं वाटतं, पण बाबा दारातच विचारतील, किती.'

… असं खाली बघू नका. तुम्ही मघाशी आले तवा पयला शब्द काय होता आठवतो का? 'नमस्कार, मृण्मयी सध्या कितवी येते काही कल्पना?' मी उगं वाकड्यात न्हाई शिरले.

त्या दिवशी घरी आनलं, पाय धुतले, जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी होती घरात, ती मोबाईलच्या काचेवर लावली, जिथं आकडा येतो तिथं. म्हनलं, आता खेळ. घड्याळ दिसंल, आकडा दिसायचा न्हाई. पयले दोन दिवस बोटानं ती पट्टीच चाचपायची. तिसऱ्या दिवशी तिनं एका कोड्यात वजीर देऊन टाकला — स्वतःचा वजीर! — आनि तीन खेळ्यांत मात. हसली मास्तर. मोठ्यानं. नीलाबाई बाहेर आली बघायला. तेच सांगितलं असंल तुम्हाला, खिदळतात म्हनून. आता सकाळी पंधरा मिनिटं आमची ती कोडी, मग मोबाईल माझ्या कपाटात, आनि ती जाती वाचनालयात, जीवशास्त्राची वही बी तशीच केलीय, चुकलेलं चार दिवसांनी पुन्हा, क्लासात हे कोनी करून घेत न्हाई, म्हनून तर तिनं जायचं —

काही न्हाई. … न्हाई, काही म्हनले न्हाई मी. … बरं. आता निघालंच हाय तोंडातून तर ऐका. महिना झाला ती क्लासला जात न्हाई. तिनंच ठरवलं. मला शपथ घातली होती, 'बाबांना मीच सांगीन.' डॉक्टरकीच्या परीक्षेला बसनार हाय, फारम भरलाय, अभ्यास करून राहिली, मी डोळ्यानं बघते. तुमच्याशी फोनवर बोलताना रविवारचे आकडे — ते ती मनानंच सांगती. शेवटचे चार. … खोडू नका आता, राहू द्या लिहिलेले.

अभ्यास चांगला चाललाय का म्हनता? मी बी मानूसच हाय. मला बी राहवलं न्हाई. परवा ती वाचनालयात गेल्यावर कपाट उघडलं, पट्टी नखानं उचलली आनि बघितलं. लाज वाटती सांगायला. तिला बोलायचं आनि आपन चोरून बघायचं. बघितलं, पुन्हा चिकटवली, आनि दिवसभर तिच्या तोंडाकडं बघता येईना मला. ती मातर मजेत होती, शेपू दोनदा घेतला. तवा कळलं, मला जे हवं होतं ते तिच्या ताटात होतं, आनि मी —

काय? … काय म्हनलात?

'पट्टीखाली किती होतं?' हे इचारता?

उठा मास्तर. न्हाई, चहा राहू द्या. पिशवी घ्या, डायरी राहिली, ती घ्या. दीड वाजता नांदेडची गाडी हाय, पोरगी वाचनालयातून येन्याच्या आत निघा. आज न्हाई भेटायचं तिला. तिच्या आईला पाठवा.