बाहेर जाताना 'ते'

नाही, पण तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मी शिंपी, माझं मशीन घरात. बायको बस चालवते, तिची बस काय घरात येणार आहे? मग ती सकाळी डबा घेऊन बाहेर आणि मी घरात… कपडे शिवतो, भाजी चिरतो, चिरंजीवांना आंघोळ घालतो. वय वर्षं साडेतीन! तर हे चिरंजीव पंधरा दिवसांपूर्वी बालवाडीला निघाले आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असे ओरडले, "मी जाते!"

झालं! नेमके आमचे तीर्थरूप आलेले. चहाचा कप ओठापाशीच थांबला. "जाते? अरे, मुलगा आहे ना हा? तू घरात बसतोस, पोरगं दुसरं काय शिकणार? महिनाभर माझ्याकडे पाठव, सरळ करतो!" महिनाभर! अहो, पोरगं माझा अंगठा धरल्याशिवाय झोपत नाही… आणि मलाही झोप लागत नाही, खोटं कशाला बोलू? पण यात माझं काय चुकलं?

म्हटलं, आधी मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू. तीर्थरूपही आले, निकाल ऐकायला! बाईंनी विचारलं, "बाळा, तू मुलगा की मुलगी?" "मुलगा!" तीर्थरूप जरा सैल झाले. "मोठेपणी कोण होणार?" "आई!" तीर्थरूप खुर्चीतून उठलेच! "आई का रे?" "मग बस मिळेल."

बाई हसल्या. "आपण मुलगा आहोत हे त्याला कळलंय. पण मोठेपणीही मुलगाच राहणार, हे त्याच्या मनात पक्कं व्हायला अजून वेळ आहे. आणि कुणी काय करायचं, ते मुलं घरात बघून शिकतात." मग 'जाते'चं विचारलं, तर चिरंजीव म्हणाले, "घरात 'तो'. बाहेर जाताना 'ते'!" बरोबरच आहे हो! आई म्हणते 'जाते', मी म्हणतो 'चिरतो', 'शिवतो'. एवढं व्याकरण मला शाळेत जमलं नव्हतं!

बाई म्हणाल्या, घरापासून तोडू नका. "मग मीच इथे राहतो आठ दिवस," तीर्थरूप म्हणाले, "बघतो कसा सुधारत नाही!" राहिले. रोज संध्याकाळी फिरायला निघताना म्हणायचे, "मी जातो," की नातू दार अडवून उभा. "आजोबा, चूक! परत म्हणा!" चप्पलच देईना.

काल आठवा दिवस. बायको नुकती घरी आलेली, मी मशीनवर. दारातून खणखणीत आवाज, "सूनबाई, मी जाऊन येते गं!"

बायको माझ्याकडे बघतेय, मी बायकोकडे, चिरंजीव टाळ्या वाजवतायत! आता हेही माझ्याच माथी येणार, ठाऊक आहे मला. यात माझं काय… जाऊ दे. आजची बालवाडी सुटायची वेळ झाली.

निघते मी.